नेटवर्किंगमध्ये हात बसवताना: सिम्युलेटर कुठवर पुरतो, खरा स्विच कधी लागतो

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला एकटीला एक स्विच (कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) बसवायला पाठवलं होतं. व्हीएलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी जाळी), ट्रंक (अनेक व्हीएलॅन वाहून नेणारी लिंक), ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत वाटा ठरवण्याची पद्धत) हे सगळं सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली नेटवर्कवर, कितीतरी वेळा केलेलं होतं, त्यामुळे धाकधूक नव्हती. केबल लावली आणि पोर्टवरचा दिवा नारिंगी झाला. वीस-पंचवीस सेकंद वाट पाहिली, हिरवा होईना. केबल खराब असेल म्हणून काढली, पुन्हा लावली. पुन्हा नारिंगी. दुसरी केबल, दुसरं पोर्ट, तिसरं पोर्ट. पाऊण तास गेला.

बिघाड काहीच नव्हता. स्पॅनिंग ट्री, म्हणजे जाळ्यात वर्तुळ होऊ न देणारी स्विचमधली व्यवस्था, पोर्टला आधी १५ सेकंद नुसतं ऐकायला लावतं, मग १५ सेकंद शिकायला लावतं आणि तिसाव्या सेकंदाला वाट मोकळी करतं. मी दर वेळी त्याच्या जरा आधी केबल उपटत होते. हे आकडे मला तोंडपाठ होते. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमध्येही तो नारिंगी ठिपका दिसतो. पण तिथे वेळ पुढे ढकलायचं बटण आहे, आणि मी ते प्रत्येक वेळी दाबलं होतं.

तेव्हापासून कुणी नवशिक्याने "सिम्युलेटर पुरेल का, की उपकरणं घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, तुला आत्ता काय शिकायचंय? कॉन्फिगरेशनची रीत अंगवळणी पाडायची असेल तर सिम्युलेटरसारखी जागा नाही. काहीतरी बिघडलंय आणि संशय कशावर घ्यायचा हे कळायला हवं असेल, तर हातात केबल हवी. दोन्ही लागतंच, फक्त क्रम चुकला की पैसा आणि महिने वाया जातात. मी सांगते तो क्रम असा.

पायरी १: पॅकेट ट्रेसर, आणि तोही सावकाश

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर मोफत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर उतरवून घेता येतो. साधा लॅपटॉप पुरतो. पहिला महिना-दीड महिना दुसरं काही शोधू नका.

पहिल्याच दिवशी दहा राउटरचं जाळं मांडायचा मोह होतो. तीन संगणक आणि एक स्विच एवढंच घ्या. तिघांना १९२.१६८.१.१०, १९२.१६८.१.११ आणि १९२.१६८.१.१२ असे पत्ते द्या. मग उजव्या कोपऱ्यातला सिम्युलेशन मोड लावून एकावरून दुसऱ्याला पिंग करा (म्हणजे समोरून उत्तर येतं का ते पाहणारं पाकीट पाठवा) आणि पाकिटं एकेक पाऊल पुढे सरकवा. पिंगच्या आधी एआरपीची चौकशी (या आयपी पत्त्याच्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, कोणता?) निघालेली दिसेल, ती स्विचच्या बाकी सगळ्या पोर्टांवर पसरलेली दिसेल आणि उत्तर मात्र एकाच पोर्टाने परत आलेलं दिसेल. पाकिटावर क्लिक करून आतले थर उघडा. ही गोष्ट खऱ्या स्विचवर डोळ्यांनी पाहता येत नाही. सिम्युलेटरचा मोठेपणा इथे आहे, आणि बहुतेक जण हा मोड एकदा उघडून कायमचा बंद करतात याचं मला वाईट वाटतं.

पुढे मध्ये एक राउटर टाका आणि पलीकडच्या संगणकाला पिंग करा. पहिलं पिंग अनेकदा वाया जातं, बाकीची पोचतात. राउटरवरून पाच पिंग पाठवलीत तर पडद्यावर आधी एक टिंब आणि मग चार उद्गारचिन्हं दिसतात. राउटरला पुढच्या यंत्राचा मॅक पत्ता माहीत नसतो. तो एआरपीने विचारेपर्यंत पहिलं पाकीट टाकून दिलेलं असतं. हे एकदा समजलं की प्रत्यक्ष कामावर पहिलं पिंग चुकल्यावर छाती धडधडत नाही.

त्यानंतरची वाट ठरलेली आहे: सबनेटिंग (पत्त्यांचे लहान गट पाडणं), व्हीएलॅन, ट्रंक, एकाच पोर्टवरून अनेक व्हीएलॅनचं राउटिंग, स्टॅटिक रूट (हाताने दिलेली वाट), ओएसपीएफ, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं), नॅट (बाहेर जाताना पत्ता बदलणं), कुणाला जाऊ द्यायचं ते ठरवणारी अ‍ॅक्सेस लिस्ट. सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीतला बराच मोठा भाग इथेच उरकतो.

फक्त एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कमांड देण्याआधी वहीत लिहायचं की आता काय दिसेल. "शो आयपी रूट" मध्ये (राउटरला माहीत असलेल्या वाटांच्या यादीत) किती ओळी येतील, कुठल्या अक्षराने सुरू होतील, पुढचा टप्पा कोणता असेल. मग कमांड द्यायची. भाकीत चुकलं की तिथेच थांबायचं आणि का चुकलं ते कळेपर्यंत पुढे जायचं नाही. कमांड कुणीही उतरवून काढू शकतं. भाकीत करता आलं की समजावं, डोक्यात जाळं उभं राहिलंय. आणि ते वेळ पुढे ढकलायचं बटण दाबू नका. तीस सेकंद घड्याळाकडे बघत बसा.

पायरी २: सिम्युलेटर कुठे फसवतो ते ओळखा

पॅकेट ट्रेसरच्या आत सिस्कोचं खरं सॉफ्टवेअर चालत नाही. कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम राउटरसारखं वागून दाखवतो. ज्या कमांड त्यात लिहिल्यात तेवढ्याच आहेत. त्यामुळे एखादी कमांड चालली नाही तर तुमची चूक आहे की ती तिथे नाहीच, हे प्रश्नचिन्ह टाइप करून आधी तपासा. या गोंधळात शिकणाऱ्यांच्या संध्याकाळच्या संध्याकाळ जातात.

पण याहून मोठी फसवणूक वेगळी आहे. सिम्युलेटरमधले बिघाड स्वच्छ असतात. केबल एक तर जोडलेली असते किंवा नसते. प्रत्यक्षात केबल तिसऱ्याच अवस्थेत असते: दिवा लागलेला, पिंग जातंय, आणि तरी फाइल उतरवायला घेतली की सगळं रांगतंय. सिम्युलेटरमध्ये आठपैकी एक तार तुटत नाही, पंख्यात धूळ जात नाही, यूएसबीचं ड्रायव्हर गायब होत नाही, आणि आधीच्या मालकाचा पासवर्ड स्विचमध्ये राहिलेला नसतो. वेगाचे आकडेही तिथे मोजू नयेत, त्यांना अर्थ नाही.

पायरी ३: दोन स्विच, एक राउटर, एक कन्सोल केबल

ओएसपीएफपर्यंत पोचलात आणि भाकितं बहुतेक बरोबर येऊ लागली, की खऱ्या उपकरणांकडे वळा. त्याआधी वळलात तर एकाच वेळी भाषा आणि यंत्र दोघांशी झगडा होतो.

किती घ्यायची? कपाटभर उपकरणं घेणारे मी पाहिलेत. पहिल्या आठवड्याच्या उत्साहानंतर पंख्यांच्या आवाजाने ती बंद पडून राहतात. रॅकमध्ये बसणारी उपकरणं माणसांच्या खोलीसाठी बनवलेली नसतात. मॅनेज्ड प्रकारचे, म्हणजे कॉन्फिगर करता येणारे, दोन जुने स्विच आणि निदान दोन इथरनेट पोर्ट असलेला एक राउटर, एवढं भरपूर आहे. दोन स्विच यासाठी, की ट्रंक, लूप आणि इथरचॅनल (अनेक केबल मिळून केलेली एक लिंक) या तिन्हींना दोन टोकं लागतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारखा लेयर २ (मॅक पत्त्यावर चालणारा) स्विच शिकायला चांगला. लेयर ३ (राउटिंगही करणारा) हवाच असेल तर ३५६० किंवा ३७५०. जुनं मॉडेल म्हणून संकोच बाळगू नका, व्हीएलॅन आणि स्पॅनिंग ट्री त्यांच्यावरही तसंच चालतं. विकत घेणं जमत नसेल तर कार्यालयातून काढून टाकलेलं उपकरण रीतसर विचारून मिळतं का पाहा.

उपकरण घरी आल्यावरची पहिली लढाई कन्सोलची, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट केबलने उपकरणात शिरण्याची. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीची कन्सोल केबल लागते. पुट्टी किंवा तत्सम प्रोग्राममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. पडदा कोरा राहिला तर आधी एंटर दाबा. विचित्र अक्षरांचा कचरा आला तर वेग चुकलाय. काहीच येत नसेल तर संगणकाने तो पोर्ट ओळखलाय का ते बघा, दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये सापडतो.

मग पासवर्ड. जुन्या उपकरणात आधीच्या मालकाचं कॉन्फिगरेशन असण्याची तयारी ठेवाच. सिस्कोच्या राउटरवर चालू होतानाच्या पहिल्या मिनिटात ब्रेक पाठवायचा, कॉन्फिगरेशन रजिस्टर हेक्स २१४२ करायचं, म्हणजे तो जुनं कॉन्फिगरेशन न वाचता सुरू होतो. काम झाल्यावर ते परत २१०२ करायला विसरू नका. विसरलात तर प्रत्येक वेळी चालू करताना तुमचंही कॉन्फिगरेशन गायब दिसेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. कॅटॅलिस्ट स्विचवर मोड बटण दाबून धरून वीज लावायची असते. हे सगळं कटकटीचं वाटेल, पण हा सरावाचाच भाग समजा. बंद खोलीत, कन्सोलसमोर, नेटवर्क नसताना एखादं उपकरण पुन्हा ताब्यात घेणं हे खऱ्या नोकरीतलं काम आहे.

"राइट इरेज" दिल्यावर स्विच कोरा झाला असं समजू नका. व्हीएलॅनची यादी फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती वेगळी पुसून मगच रीलोड करा. असा न पुसलेला स्विच चालत्या नेटवर्कला जोडला, व्हीटीपीचं (स्विचांमध्ये व्हीएलॅनची यादी वाटणाऱ्या सिस्कोच्या पद्धतीचं) डोमेन जुळलं आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक जास्त निघाला, तर त्याची जुनी यादी सगळ्या स्विचवर पसरते आणि चालू व्हीएलॅन पुसले जातात.

एक सक्त ताकीद. सरावाची उपकरणं घराच्या किंवा कार्यालयाच्या चालू नेटवर्कला जोडू नका. तुम्ही सरावासाठी उभा केलेला डीएचसीपी सर्व्हर बाहेरच्या लोकांनाही पत्ते वाटू लागतो आणि त्यांचं इंटरनेट का गेलं हे कुणालाच कळत नाही.

पायरी ४: जे फक्त हातानेच शिकता येतं

इथे घाई करू नका. पुढच्या प्रयोगांपैकी प्रत्येकाला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

केबल स्वतः बनवा. टी५६८बी या मानकातला तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका, कारण दोन तारांमधली कुजबुज त्या पिळामुळेच थांबते. पहिल्या चार-पाच केबल फुकट जातील. आता चांगली झालेली एक केबल घ्या आणि तिच्यातली फक्त निळी तार, म्हणजे चार नंबरची, मुद्दाम तोडून नवं टोक बसवा. दोन गिगाबिट पोर्टांमध्ये लावा. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे अनेक उपकरणांत दिवा लागतो, पिंग जातं आणि वेग मात्र मुकाट्याने १०० वर उतरतो. काही उपकरणांत लिंक नुसती चालू-बंद होत राहते. "नेट चालतंय पण हळू आहे" अशी तक्रार आली की कुठे बघायचं हे त्या निळ्या तारेने मला शिकवलं.

डुप्लेक्सचा घोटाळा करून पाहा. एका टोकाला वेग १०० आणि फुल डुप्लेक्स असं हाताने ठरवून द्या, दुसरं टोक ऑटोवर ठेवा. ऑटोवरचं टोक समोरचा वेग ओळखू शकतं, पण समोरून वाटाघाटीच होत नसल्यामुळे डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. आता एकाला वाटतं की बोलता बोलता ऐकता येतं, दुसऱ्याला वाटतं की समोरचा बोलत असताना आपण थांबायचं. साधं पिंग व्यवस्थित जातं. मोठी फाइल पाठवा आणि "शो इंटरफेसेस" मधले आकडे दर मिनिटाला पाहा. हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढत जातात, फुलच्या बाजूला सीआरसी चुका (मोडका डेटा आल्याच्या नोंदी). हे दोन आकडे कुठल्या बाजूला कुठले येतात ते लिहून ठेवा. कामावर अनेकदा एकच टोक तुमच्या हाती असतं, आणि त्या एका आकड्यावरून पलीकडच्या टोकाची स्थिती सांगता येते. माझ्या मते शिकणाऱ्याने करावा असा सगळ्यांत मोलाचा प्रयोग हाच.

मग वादळ. दोन स्विचमध्ये दोन केबल लावा आणि दोन्हीकडे "नो स्पॅनिंग-ट्री व्हीएलॅन १" द्या. दोन्ही स्विच बाकी सगळ्यापासून पूर्ण तोडलेले असू द्या. जोडलेल्या एका संगणकावरून अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला एकदा पिंग करा. आयपी पाकिटाला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेटच्या फ्रेमला नसते. तो ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात. आता एक केबल उपसा. क्षणात सगळं शांत. हे दृश्य ज्याने पाहिलंय तो स्पॅनिंग ट्री बंद करायला सहज हात लावत नाही, आणि त्या तीस सेकंदांवर चिडतही नाही.

छोटे सराव बरेच आहेत, ते थोडक्यात. कॉन्फिगरेशन सेव्ह न करता वीज काढा आणि काय उरतं बघा. दुरून टेलनेट किंवा एसएसएचने शिरून चुकीच्या अ‍ॅक्सेस लिस्टने स्वतःलाच बाहेर कोंडून घ्या. पुढच्या वेळी बदल करण्याआधी "रीलोड इन ५" देऊन ठेवा, म्हणजे कोंडलं गेलं तरी पाच मिनिटांत यंत्र जुन्या सेव्ह केलेल्या स्थितीवर परत येतं. बदल यशस्वी झाला तर "रीलोड कॅन्सल" द्यायचं. फायबरचं मॉड्यूल हाती आलं तर टीएक्स-आरएक्सची (पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या टोकांची) अदलाबदल करून लिंक जाते ते पाहा, पण फायबरच्या टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश बहुधा दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

पायरी ५: परत लॅपटॉपवर, यावेळी एम्युलेटर

दोन स्विच आणि एका राउटरवर मोठं जाळं उभं राहत नाही. वीस राउटरचं ओएसपीएफ, तसंच बीजीपी आणि एमपीएलएस या मोठ्या जाळ्यांतल्या पद्धती, यांच्यासाठी एम्युलेटर घ्या. जीएनएस३, ईव्ह-एनजी, सिस्को मॉडेलिंग लॅब्ज आणि कंटेनरलॅब ही ओळखीची नावं. इथे निर्मात्याचं खरं सॉफ्टवेअर आभासी यंत्रात किंवा कंटेनरमध्ये चालतं, त्यामुळे कमांडही खऱ्या असतात आणि त्या सॉफ्टवेअरमधले दोषही. मेमरी मात्र भरपूर लागते. जीएनएस३ मध्ये डायनामिप्स या त्यातल्या एम्युलेटरवरचे जुने राउटर चालवत असाल तर आयडल-पीसीचं मूल्य (राउटर रिकामा असताना प्रोसेसरला विश्रांती देणारं) आधी शोधून घ्या, नाहीतर एकच राउटर प्रोसेसरचा अख्खा कोअर खाऊन टाकतो.

सॉफ्टवेअरच्या इमेज कुठून आणायच्या हा अडचणीचा प्रश्न आहे. इंटरनेटवर भटकणाऱ्या आयओएसच्या (सिस्कोच्या राउटरमधल्या सॉफ्टवेअरच्या) प्रती घेऊ नका, परवाना तुमच्याकडे नसतो आणि आत काय घुसवलंय ते ठाऊक नसतं. सरळ मार्गाने मिळणारं पुष्कळ आहे. एफआरराउटिंग हे राउटिंगचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं आहे. मायक्रोटिकचा सीएचआर हा आभासी राउटर मोफत चालतो, फक्त प्रत्येक इंटरफेसला १ मेगाबिटची मर्यादा आहे आणि सरावाला ती आड येत नाही. अरिस्टाची कंटेनर इमेज नोंदणी करून मिळते. वेगवेगळ्या निर्मात्यांच्या राउटरमध्ये ओएसपीएफ जुळवून पाहिलं की प्रोटोकॉल कुठे संपतो आणि एका कंपनीची सवय कुठे सुरू होते ते कळतं.

प्रत्येक दुव्यावर वायरशार्क (पाकिटं पकडून दाखवणारा प्रोग्राम) लावता येतो, तो लावाच. एका राउटरचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) बदला आणि ओएसपीएफचा शेजार एक्सस्टार्ट किंवा एक्स्चेंज या मधल्या टप्प्यातच अडकून बसतो ते पाकिटांमध्ये पाहा.

आता एम्युलेटरची फसवणूक. डायनामिप्सवरच्या दोन राउटरमध्ये इथरनेटची लिंक असेल आणि एका टोकाला "शटडाउन" दिलंत, तर दुसरं टोक चालूच दिसतं. मधली तार खरी नसल्याने सिग्नल गेल्याची बातमी पलीकडे पोचतच नाही. मग ओएसपीएफ ४० सेकंदांचा डेड टाइमर (शेजारी गेला असं मानण्याआधीची मुदत) संपेपर्यंत वाट पाहतं. खऱ्या उपकरणात थेट जोडलेली केबल उपसली की इंटरफेस लगेच पडतो आणि रूट तत्काळ बदलतो. पण दोन राउटरच्या मध्ये एखादा स्विच असेल आणि केबल त्याच्या पलीकडची तुटली, तर खऱ्या जगातही तेच ४० सेकंद लागतात. म्हणून हा प्रयोग तिन्ही प्रकारे करा: एम्युलेटरवर, थेट केबलने आणि मध्ये स्विच ठेवून. तिन्ही वेळा स्टॉपवॉच लावा. शेवटच्या दोन प्रयोगांना दोन राउटर लागतात. एकच असेल तर दुसऱ्याच्या जागी एफआरराउटिंग घातलेला लिनक्स संगणक चालतो. हाय अव्हेलेबिलिटीची (बिघाडातही नेटवर्क चालू राहण्याची) परीक्षा नुसत्या एम्युलेटरवर घेऊन "आमचं नेटवर्क अमुक सेकंदांत सावरतं" असं कुणी सांगितलं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

उपकरण अजिबात मिळत नसेल तर

अनेकांची हीच अडचण असते, आणि त्यासाठी शिकणं थांबवायची गरज नाही. लिनक्स घातलेले दोन जुने संगणक आणि तुम्ही स्वतः टोकं बसवलेली एक केबल एवढ्यावर चौथ्या पायरीतला चांगला भाग होतो. "ईथटूल" ने एका टोकाचं ऑटो बंद करून वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवता येतात, "आयपर्फ३" ने दोघांमधला वेग मोजता येतो आणि "ईथटूल एस" मध्ये चुकांचे आकडे वाचता येतात. त्यातल्या एसच्या आधी डॅश असतो आणि तो एस कॅपिटल असतो हे लक्षात ठेवा. एका संगणकात यूएसबीचं दुसरं नेटवर्क कार्ड लावलंत तर तोच राउटर होतो, आणि तिसरा संगणक मिळाला तर त्याच्या मागे दुसरं सबनेट उभं राहतं.

सुरुवात निळ्या तारेच्या प्रयोगाने करा. अखंड केबल लावून आयपर्फचा आकडा लिहा, मग तार तोडून पुन्हा लिहा, आणि दुसरा आकडा पाहण्याआधी तो किती येईल याचं भाकीत वहीत नोंदवा.